घरी डिझाइन केलेलं ॲल्युमिनियमचं टॅपेट कव्हर, सगळं जमलं पण मागच्या कोपऱ्यातून तेल थांबत नाहीये

ट्विनएसयू

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण दोन महिने याच कामात गेलेत आणि अर्धी माहिती दिली तर तुम्हालाही नीट सांगता येणार नाही.

गाडी १९६७ ची एमजीबी, इंजिन बीएमसीचं बी-सीरिज, १७९८ सीसी, पाच बेअरिंगवालं. मूळ टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनच्या डोक्यावर रॉकरवरचं झाकण, पत्र्याचं, वरून दोन स्टडवर दाबून बसतं, कडेला एकही बोल्ट नाही. गाडी माझ्याकडे आली तेव्हाच कुणीतरी नट इतके पिळलेले होते की कव्हरची कड लाटेसारखी झाली होती आणि कॉर्कचं पॅकिंग बाहेर डोकावत होतं. त्यात मी रोलर रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) टाकलेत, ते मूळच्यापेक्षा उंच, त्यामुळे जुनं कव्हर ठेवलं की आतून टकटक लागायचं. म्हणून ठरवलं की तयार घ्यायचं नाही, आपल्या मापाचंच करायचं, बाहेरून त्या काळाला शोभेल असं, लांबीला फिन, मधे सपाट पट्टी आणि आतून रॉकरला हवी तेवढी जागा.

काय केलं ते सांगतो. जुनं कव्हर कागदावर ठेवून कडेने रेघ मारली, ती स्कॅन करून कॅडमध्ये घेतली. आतल्या जागेसाठी प्रत्येक रॉकरच्या डोक्यावर प्लॅस्टिसिनचा गोळा लावला, खाली दोन जादा पॅकिंग घालून जुनं कव्हर हलकं बसवलं आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवला, मग कव्हर उचलून गोळे ब्लेडने मधोमध कापले आणि राहिलेली जाडी व्हर्नियरने मोजली. एका ठिकाणी तर गोळा कागदाएवढा पातळ झाला होता. त्यावरून उंची ठरवली, सगळीकडे ६ मिमी मोकळं राहील अशी. भिंत ५ मिमी, खालची फ्लँज (पॅकिंगवर बसणारी सपाट कड) ८ मिमी. आधी प्रिंटरवर पीएलएमध्ये नमुना काढून थंड इंजिनवर बसवून बघितला, बॉनेट लावून बघितलं, मग त्याच फाइलवरून पॅटर्न (वाळूत साचा उमटवायचा नमुना) काढला आणि वाळूत ओतून घेतलं, एलएम२५ या ओतकामाच्या ॲल्युमिनियममध्ये. खालचा फेस बाहेर मिलिंगवर मारून आणला. फिलर कॅप मात्र स्वतः लेथवर काढली, ॲल्युमिनियमची, कडेला नर्लिंग, आत ओ-रिंग, एकदम घट्ट बसणारी. ती हातात घेतली की खाली ठेववत नाही.

कव्हर दिसायला खरंच सुंदर झालंय. पण मागच्या कोपऱ्यातून, बल्कहेडच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) बाजूने, तेल येतं. आयडलवर अर्धा तास ठेवलं तर थेंब नाही. तासभर जोरात चालवून आणलं, विशेषतः चढावर, की हेडच्या मागून ओघळ आलेला असतो आणि गरम तेलाचा वास गाडीत.

कॉर्कचं पॅकिंग दोनदा बदललं, मग रबर मिसळलेलं कॉर्क टाकलं, मग वरून आरटीव्ही सिलिकॉन लावलं. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी परत तेच. नट अजून आवळू का? की जाड पॅकिंग टाकू? की फ्लँजला खोबण मारून रबरी दोरी बसवू? परत ओतायची वेळ आली तरी तयारी आहे माझी, पण कुठे चुकलं ते कळल्याशिवाय दुसरं ओतणार नाही.

---

फीलरगेज

पहिली गोष्ट, नट आवळणं आत्ताच थांबव. त्या दोन नटांना जेमतेम ४ पाउंड-फूट म्हणजे साडेपाच न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क लागतो, छोट्या पान्याने मनगटाच्या जोरावर होतो तेवढा. त्याने तेल थांबत नसेल तर जोर लावून थांबणार नाही, उलट कव्हर वाकेल.

आता कव्हर काढ आणि जाड काचेवर पालथं नको, सरळ ठेव, फ्लँज काचेला टेकेल असं. हाताने दाबू नकोस, नुसतं त्याच्या वजनावर. मग फीलर गेज घेऊन कडेने फिर. ०.१ मिमीची पट्टी कुठे शिरायला नको. मला वाटतंय ती तुझ्या मागच्या कोपऱ्यात आरामात शिरेल, आणि कारणही सांगतो.

असं पातळ पेटीसारखं ओतीव मिलिंगच्या टेबलवर बांधताना क्लॅम्पने दाबलं की ते दाबलेल्या आकारात सपाट होतं. कटर फिरतो, फेस आरशासारखा येतो, बांधलेलं असताना डायल लावली तर सुई हलतही नाही. क्लॅम्प सोडला की ते परत आपल्या मूळ आकारात जातं आणि फेस वाकडा होतो. मशीनवाल्याची नियत वाईट नसते, पण ठोकळा बांधायच्या सवयीने तो कव्हर बांधतो. यावर उपाय म्हणजे आधी रफ कट मारायचा, सगळे क्लॅम्प सोडायचे, काम एक रात्र तसंच ठेवायचं, मग जिथे टेकत नाही तिथे खाली शिम (पातळ पत्री) सरकवून, म्हणजे वरून ओढून न बसवता, अगदी हलकं धरून शेवटचा अर्धा मिलिमीटर काढायचा.

दुसरं, मित्रा, तू माप वाकलेल्या कव्हरवरून घेतलंस. कड लाटेसारखी झालीये असं तूच लिहिलंयस आणि त्याच कडेची रेघ मारलीस. माप नेहमी हेडवरून घ्यायचं. हेडच्या फेसवर पातळ निळा रंग लावून वर जाड कागद दाबला की कड आणि स्टडची भोकं सगळं छापून येतं, तेच स्कॅन करायचं आणि स्कॅन करताना शेजारी स्टीलची पट्टी ठेवायची म्हणजे स्केल तपासता येतो. हेडचा फेस किती रुंद आहे आणि त्यावर तुझी फ्लँज नेमकी कुठे बसते हे तिथे कळतं. मागच्या कोपऱ्यात पॅकिंग अर्ध हेडवर आणि अर्ध हवेत असेल तर काहीही लावलंस तरी व्यर्थ.

तिसरं, नट खाली टेकतायत का बघ. पत्र्याचं कव्हर मिलिमीटरभर जाड, तुझं वर किमान ५, त्यात बॉस (भोकाभोवतीचा जाड उंचवटा) दिला असशील तर अजून. स्टडची लांबी मात्र तीच. कप वॉशर आणि रबरी बूश घालून नट फिरवला की तो घट्ट लागतो, पण खरं म्हणजे आटे संपलेले असतात किंवा नट स्टडच्या टोकाला टेकलेला असतो आणि पॅकिंगवर दाब शून्य. पॅकिंग न घालता कव्हर बसव, नट हाताने पूर्ण खाली ने, आणि बघ कव्हर वरखाली हलतंय का. हललं तर नट तळाला टेकलाय असं समज.

---

वाळूचा_साचा

मी पॅटर्न आणि ओतकामातला माणूस, त्यामुळे त्या बाजूने लिहितो.

आकुंचनासाठी पॅटर्न किती मोठा केला होतास? ॲल्युमिनियमला सरसकट १.३ टक्के धरतात, पण लांब पोकळ पेटीत आतला कोअर (पोकळीसाठी ठेवलेला वाळूचा गाभा) धातूला आकसू देत नाही, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी आकसतं, कधी १ टक्क्याच्या जवळ. अर्ध्या मीटरच्या लांबीवर हा फरक दीड मिलिमीटरचा होतो आणि तो सगळा टोकांना दिसतो. स्टडची भोकं ओतीवात कधीच ठेवू नकोस, ती नंतर हेडच्या मापाने पाड.

भोकांचा विषय निघालाच आहे तर, ती स्टडवर घट्ट ठेवू नकोस. हेड बिडाचं, कव्हर ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम दर अंशाला दर मीटरमागे २३ मायक्रॉन वाढतं, बीड ११ च्या आसपास. अर्धा मीटर लांबी आणि ८० अंशांचा फरक धर, जवळपास अर्धा मिलिमीटर कव्हर हेडपेक्षा जास्त लांब होतं. भोक घट्ट असेल तर ते स्टडला ढकलतं, आणि पॅकिंग दर वेळी घासलं जातं. भोक स्टडपेक्षा दीड-दोन मिलिमीटर मोठं ठेव आणि तेल अडवायचं काम वरच्या रबरी बूशवर सोपव.

आता पुढच्या ओतीवासाठी. जाडी एकसारखी ठेव. ५ ची भिंत आणि तिला एकदम २० चा बॉस चिकटवला की बॉस सगळ्यात शेवटी थंड होतो आणि त्याच्या पोटात स्पंजसारखी भोकं राहतात. बॉस आतून पोकळ कर किंवा भिंतीला हळूहळू जाड करत ने, कोपऱ्यात किमान ३ मिमी त्रिज्या दे. फिन टोकाला ३ मिमी आणि मुळाशी साडेचार, दोन्ही बाजूंना २ अंश ड्राफ्ट (पॅटर्न सुटायला दिलेला उतार), नाहीतर पॅटर्न वर उचलताना वाळू फाटते आणि मग फिनवर ते खरखरीत ओरखडे येतात जे कानशीने काढत बसावं लागतं. प्रिंट केलेल्या पॅटर्नच्या थरांच्या रेघा पण वाळू धरतात, म्हणून फिलर प्राइमर मारून पाणपेपरने काचेसारखा गुळगुळीत करायचा, हात फिरवला तर रेघ लागायला नको. खालच्या फेसवर ३ मिमी मशीनिंगला सोड.

एलएम२५ निवडलंस ते बरोबर आहे. भट्टीतून काढून पाण्यात बुडवायची हीट ट्रीटमेंट मात्र करू नकोस, कव्हरवर ताकदीचं काहीच काम नाही आणि बुडवताना इतकं पातळ काम हमखास पिळवटतं. त्यापेक्षा रफ कट झाल्यावर २०० ते २५० अंशांवर काही तास ठेवून सावकाश थंड होऊ दे, आतला ताण निघून जातो.

अजून एक तपासणी फुकटात होते ती कर. कव्हर पालथं करून बाहेरच्या बाजूला खडूची पूड पाण्यात कालवून फास, वाळू दे, मग आत रॉकेल ओतून रात्रभर ठेव. जिथे ओतीवातून झिरपतं तिथे पांढऱ्यावर काळपट ओला डाग उमटतो. तुला जो ओघळ पॅकिंगमधून येतोय असं वाटतंय तो भिंतीतूनही येत असू शकतो, डाग दिसला तर व्हॅक्यूममध्ये रेझिन भरून घेता येतं.

---

रॉकरबॉक्स

वरच्या दोघांशी सहमत, पण थोडं वेगळं सांगतो. दोन स्टडवर मधून दाबलेलं कव्हर म्हणजे टोकांना आधारच नाही. मागच्या स्टडच्या पलीकडे जो भाग लोंबतो त्यावर दाब सगळ्यात कमी, म्हणून गळती नेहमी तिथेच. जग्वारच्या एक्सके इंजिनचंही तसंच झालं होतं, सुरुवातीच्या कॅम कव्हरना पुढच्या टोकाला स्टडच नव्हते, तिथून तेल यायचं, मग नंतर ते घातले. शेव्हीच्या (शेव्हरोलेच्या) स्मॉल ब्लॉक इंजिनचं १९५५ पासूनचं कव्हर कडेच्या बोल्टवर होतं, शेवटी १९८७ च्या सुमारास तेच मधल्या बोल्टवर आणलं, आणि तेव्हा फ्लँज कडक आणि पॅकिंग वेगळ्या प्रकारचं केलं. मधून दाबायचं असेल तर कव्हर वाकता कामा नये, एवढी एकच अट आहे.

म्हणून फ्लँज ८ ची १२ करण्यापेक्षा आतल्या बाजूने स्टडच्या बॉसपासून चारी कोपऱ्यांकडे तिरक्या रिब ने, ५ मिमी जाड पुरेत. वजन फारसं वाढत नाही आणि दाब कोपऱ्यापर्यंत पोचतो. रिबचा अजून एक फायदा, मोठा सपाट पृष्ठभाग टॅपेटच्या आवाजाने ढोलाच्या पानासारखा वाजतो, रिबने तो तुटतो. ॲल्युमिनियमच्या कव्हरचा आवाज जास्त येतो ही तक्रार यातूनच येते.

माझं मत विचारशील तर एकच नग करायचा होता तर ६०६१ ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून सीएनसीवर काढायचा. पॅटर्नची भानगड नाही, सच्छिद्रपणा नाही.

---

वाळूचा_साचा

@रॉकरबॉक्स एका नगाला ठोकळा सोपा हे मान्य, पण ठोकळ्यातला नव्वद टक्के माल भुसा होऊन जातो आणि इतका माल आतून काढल्यावर तोही वाकतोच, तिथेही रफ करून सोडून परत मारावं लागतं. आणि १९६७ च्या गाडीवर कटरच्या रेघा असलेलं धारदार कोपऱ्यांचं कव्हर डोळ्याला खुपतं. ओतीवाची जी किंचित गोलाई असते ना, प्रत्येक फिनच्या मुळाशी सावली मऊ पडते, ती मशीनला काढायला सांगितली तर काढेल, पण तशी दिसत नाही.

---

ब्रीदर_आधी

मी सगळं वाचलं आणि मला वाटतं आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं चाललंय. फेस तपासाच, पण तुमच्या प्रश्नातली दोन वाक्यं परत वाचा. आयडलवर थेंब नाही, चढावर जोरात चालवलं की ओघळ. आणि फिलर कॅप ओ-रिंग लावून घट्ट बंद.

१९६७ च्या तुमच्या इंजिनात इनलेट मॅनिफोल्डवर पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या पोटातला गॅस ओढून घेणारी झडप, आहे. तो पुढच्या टॅपेट चेस्टच्या (इंजिनच्या बाजूच्या कप्प्याच्या) ब्रीदरमधून, म्हणजे श्वासनळीतून, क्रँककेसमधली वाफ आणि गॅस ओढून घेतो. पण ओढायला बाहेरून ताजी हवा यायला हवी ना, ती कुठून येते? मूळ फिलर कॅपमधून. त्या कॅपला भोकं असतात आणि आत जाळीचा फिल्टर, ती दिसायला साधी झाकणं असली तरी इंजिनचं नाक आहे ते. तुम्ही ते बंद केलंत.

आता काय होतं बघा. आयडलवर मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम भरपूर, व्हॉल्व्ह ओढतोय, आत हवा यायला वाट नाही म्हणून क्रँककेसमध्ये उलट थोडी पोकळीच, त्यामुळे पॅकिंगमधून तेल बाहेर येण्याचा प्रश्नच नाही, चुकून फट असली तर हवा आत जाईल. चढावर थ्रॉटल पूर्ण उघडला की मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम पडतो, व्हॉल्व्हची ओढ संपते, आणि नेमकं त्याच वेळी पिस्टनच्या रिंगांवरून खाली येणारा गॅस सगळ्यात जास्त असतो. मूळ कॅप असती तर तो तिथून निघून गेला असता. आता त्याला एकच कमकुवत जागा सापडते, तुमचा मागचा कोपरा. पॅकिंग कितीही बदललंत तरी तो दाब पुढची फट शोधेल, उद्या मागच्या मेन बेअरिंगकडून तेल यायला लागेल आणि मग क्लचपर्यंत जाईल.

तपासायला दोन मिनिटं. जुनी मूळ कॅप असेल तर ती बसवा, तुमच्या गळ्यात बसत नसेल तर गळ्यावर जाळी आणि फोमचा तुकडा बांधून त्याच चढावर जाऊन या. तेल थांबलं किंवा निम्मं झालं तर उत्तर मिळालं.

नव्या कव्हरमध्ये काय करायचं ते पण सांगतो, कारण विकत मिळणारी बरीच सुंदर कव्हरं हेच विसरतात. कॅपच्या खाली आडवा बॅफल (उडणारं तेल अडवणारा पडदा) हवा. रॉकरच्या टोकावरून तेल सतत उडत असतं, गळ्याखाली मोकळं असेल तर तेच तेल फिल्टर भिजवतं आणि बाहेर येतं. बॅफल साध्या पत्र्याचा चालेल, पण हवा दोन वळणं घेऊन गेली पाहिजे, आणि सगळ्यात खालच्या टोकाला तेल परत पडायला भोक हवं, इंजिन गाडीत थोडं मागे कललेलं असतं हे धरून. बॅफल धरणारे स्क्रू रॉकरच्या डोक्यावर असतात म्हणून त्यांना लॉकिंगचं द्रव लावून वर पंचने दोन ठिकाणी ठोकायचं. तिथून सुटलेला एक छोटा स्क्रू पुशरॉडच्या भोकातून सरळ खाली जातो.

आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, नंतरच्या एमजीबीत पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून ब्रीदर थेट एसयू कार्ब्युरेटरला जोडलाय. तिथे कव्हरमधून आत येणाऱ्या हवेची वाट मुद्दाम बारीक ठेवलेली असते. अशा गाडीला मोकळ्या भोकांची कॅप बसवली तर उलटा घोळ, कार्ब्युरेटर नुसती हवा पितो आणि मिश्रण पातळ होतं. आधी आपल्या इंजिनचा श्वास कसा चालतो ते बघायचं आणि मग कव्हर काढायला बसायचं.

---

ट्विनएसयू

तुम्ही सगळ्यांनी जो वेळ दिलात त्याबद्दल मनापासून आभार. शनिवार-रविवार पूर्ण यातच घातला, एकेक सांगतो.

काचेवर ठेवलं. पुढचे दोन कोपरे टेकतात, मागे डाव्या कोपऱ्यात ०.३५ ची पट्टी शिरली आणि हात न लावता तशीच उभी राहिली. फीलरगेजदादा, तुम्ही न बघता सांगितलंत. मशीनवाल्याला फोन केला, त्याने मधून दोन पट्ट्या टाकून आवळून बांधलं होतं.

नट तळाला टेकत नव्हते, पण अगदी काठावर होते. पॅकिंगशिवाय कव्हर हलत नाही, मात्र पॅकिंग घातल्यावर आटे दोनच धरत होते. जरा उंच नट लेथवर काढतोय.

खडू आणि रॉकेल रात्रभर ठेवलं. भिंती एकदम कोरड्या, फक्त फिलर गळ्याच्या मुळाशी, जिथे मी जाड बॉस दिला होता, तिथे नखाएवढा डाग. म्हणजे साचावाल्या काकांचं पण बरोबर. आकुंचनाला मी १.३ टक्केच धरलं होतं, कव्हर लांबीला दीड मिमी मोठं आलं होतं हे मी तेव्हा ओतकामातली चूक समजून कानशीने काढलं होतं.

आणि आता कॅप. फेसला हात लावायच्या आधी फक्त कॅप काढून गळ्यावर जाळी-फोम बांधून तोच चढ, तोच वेग, तेवढाच वेळ. परत येऊन बोनेट उघडलं, मागच्या कोपऱ्यात हात फिरवला, बोटाला नुसता ओलसरपणा लागला. आधी तिथे तेल ठिबकत असायचं. ०.३५ ची फट तशीच असताना एवढा फरक पडला, मला हे पटायला दोनदा चढ चढावा लागला. दुसऱ्यांदा माझी कॅप परत लावून गेलो आणि ओघळ परत हजर.

मी कॅपवर सगळ्यात जास्त प्रेम केलं होतं आणि तिनेच घात केला. पण ती टाकून देणार नाही, तिच्या पोटात जाळी बसेल एवढी जागा आहे, कडेने नर्लिंगच्या खाली आडवी भोकं पाडली तर वरून दिसणारही नाहीत. चालेल का? आणि पॅकिंगसाठी खोबण मारू की कॉर्कच ठेवू? अजून एक, मधल्या पट्टीवर अक्षरं हवीत, ती ओतीवातच घेऊ की नंतर कोरू?

---

ब्रीदर_आधी

चालेल. भोकांचं एकूण क्षेत्रफळ मूळ कॅपच्या भोकांपेक्षा कमी होऊ देऊ नका, मूळ कॅप हातात घेऊन भोकं मोजा. जाळी धुता आली पाहिजे, म्हणजे खालून सर्क्लिप लावा, चिकटवू नका.

---

फीलरगेज

पॅकिंगबद्दल. दोन स्टडच्या कव्हरला रबर मिसळलेलं कॉर्कच ठेव. खोबणीतली दोरी भारी असते पण तिला सगळीकडे सारखा दाब लागतो आणि तो कडेला बोल्ट असले तरच मिळतो. तरी हौस असेल तर हिशोब असा, ५ मिमी दोरीला खोबण ३.९ खोल आणि ६ रुंद. दोरी साधारण २२ टक्के दबते आणि खोबण ८४ टक्के भरते. रबर दाबलं की बाजूला सरकतं, त्याला जागा नसेल तर ते कव्हरलाच वर उचलतं, म्हणून खोबण कधी काठोकाठ भरायची नाही. नायट्राइल रबर तुझ्या तापमानाला पुरेल, एफकेएम (जास्त उष्णता सोसणारं रबर) घेतलंस तर २०० अंशांपर्यंत चिंता नाही.

कॉर्क लावताना फक्त कव्हरच्या बाजूला चिकटव, हेडच्या बाजूला ग्रीसचा हलका हात. टॅपेट सेट करायला हे कव्हर परत परत उघडायचंय. आणि ते आरटीव्ही सगळं खरवडून काढ, आतल्या कडेने दाबून बाहेर आलेली सिलिकॉनची गोळी तुटली की तेलासोबत खाली जाते आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसते. सम्पमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीत) एखादी पडलीये का तेही पुढच्या ऑइल चेंजला बघ.

---

वाळूचा_साचा

अक्षरं ओतीवातच घे, दीड मिलिमीटर उठावाची, बाजूंना ड्राफ्ट जास्त, ५ अंश तरी, आणि आतले कोपरे गोल. व किंवा ठ सारख्या अक्षरात जी बंद पोकळी असते तिथे वाळूचा छोटा खांब उभा राहतो, ती पोकळी ३ मिमीपेक्षा लहान असेल तर तो मोडतो आणि अक्षर बुजतं. कंपनीचा अष्टकोनी बिल्ला घालू नकोस, तो त्यांचा ट्रेडमार्क, एखादं कव्हर पुढे कुणाला विकलंस तर अडचण. स्वतःचं नाव किंवा इंजिनाचा आकडा घाल.

रंग सुरकुतीवाला करणार असशील तर सगळीकडे मार, अक्षरांवर आणि फिनवर पण. नीट वाळल्यावर सपाट लाकडी ठोकळ्याला ३२० चा पेपर गुंडाळून फक्त वरून घास, एकाच दिशेने, लांबीला. काळ्यातून किंवा लाल रंगातून अक्षरं एकेक करून चकाकत वर येतात, ते बघण्यासारखं असतं. लाल म्हटलं की फेरारीच्या १९५६ च्या ५०० टीआरची आठवण होते, टेस्टा रोसा म्हणजे लाल डोकं, ते नाव लाल रंगवलेल्या कॅम कव्हरवरूनच पडलं. पावडर कोटिंग करायचं ठरवलंस तर मात्र आधी कोरं कव्हर कोटिंगच्या तापमानापेक्षा थोडं जास्त तापवून घे, नाहीतर ओतीवातली अडकलेली हवा बाहेर येते आणि रंगावर पुटकुळ्या धरतात.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. नवीन कव्हर इंजिनवर ठेवायच्या आधी आतून वाळू काढायला पूर्ण दिवस दे. रिबच्या कोपऱ्यात, बॅफलच्या मागे, भोकांच्या आट्यात. आधी तारेचा ब्रश, मग साबणाचं गरम पाणी, मग हवेची नळी, आणि हे सगळं बॅफल बसवायच्या आधी. बीड ब्लास्टिंग (काचेच्या बारीक मण्यांचा मारा) केलंस तर तेच परत. शेवटी पांढरं फडकं आतून फिरव, फडक्यावर एक जरी चमकणारा कण दिसला तर परत पाण्याखाली. पातळ, खरखरीत कोपरे राहिलेच तर कानशीने गोल कर म्हणजे तिथे काही लपायला जागा राहणार नाही.

---

ट्विनएसयू

पॅटर्न परत काढायला घेतला. यावेळी हेडवरून निळा छाप घेतला आणि जुन्या रेघेवर ठेवून बघितला, मागच्या डाव्या कोपऱ्यात माझी रेघ ४ मिमी बाहेर होती, म्हणजे तिथे पॅकिंगला हेडची नुसती किनार मिळत होती. फाइलमध्ये आकुंचन १.१ टक्के केलं, स्टडपासून कोपऱ्यांकडे चार रिब टाकल्या, गळ्याचा बॉस आतून पोकळ केला. कॅपला बारा भोकं पाडली, जाळी सर्क्लिपवर. अक्षरांच्या जागी फक्त १७९८ लिहितोय, देवनागरी आकड्यात. १ आणि ९ यांच्या आतल्या पोकळ्या साडेतीन मिमी ठेवल्यात, साचावाले काका, तेवढ्या पुरतील ना?

---

वाळूचा_साचा

पुरतील. ९ च्या शेपटीला टोक ठेवू नकोस, गोल संपव.